न भरणाऱ्या जखमेखाली: एका दुर्मिळ त्वचारोगातला कर्करोग आणि फायब्रोब्लास्ट पेशी

पायाच्या घोट्यावर एक जखम आहे. ती आजची नाही. लहानपणापासून त्याच जागी कातडी फाटते, खपली धरते, पुन्हा फाटते. रुग्णाचं वय तिशीच्या आगेमागे. या खेपेला जखमेची कड जाड झाली आहे, मधला भाग वर उचलल्यासारखा दिसतो, दुखणं नेहमीचं नाही आणि दोन महिने झाले तरी ती भरत नाही. तुकडा काढून तपासणीला पाठवला की अहवाल येतो: स्क्वेमस सेल कार्सिनोमा, ‘वेल डिफरन्शिएटेड’. म्हणजे कर्करोगाच्या पेशी अजून बऱ्याच अंशी मूळ कातडीच्या पेशींसारख्याच दिसतात. इतर कुणाचा असा अहवाल आला असता तर डॉक्टरांच्या मनावरचा ताण थोडा हलका झाला असता. या रुग्णाच्या बाबतीत तसं होत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणारी हीच गाठ पुढे लसिकाग्रंथींत, फुप्फुसांत पसरते हा अनुभव आहे.

हे कुणा एका व्यक्तीचं वर्णन नाही. रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलिसिस बुलोसा या आनुवंशिक आजाराच्या नोंदींत पुन्हा पुन्हा भेटणारी ही परिस्थिती आहे. डॉक्टर आद्याक्षरांनी या आजाराला ‘आरडीईबी’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. कर्करोग वरच्या कातडीच्या पेशींत सुरू होत असला तरी तो किती हिंस्र होणार हे खालच्या आधार देणाऱ्या पेशी ठरवतात, हे मला माहीत असलेल्या कुठल्याही दुसऱ्या उदाहरणापेक्षा या आजारात जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

आजार: उसवलेले टाके

आपली कातडी दोन थरांची. वर बाह्यत्वचा, तिच्यात मुख्यतः केराटिनोसाइट पेशी. खाली अंतस्त्वचा, म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेली जाड संयोजी ऊती. हे धागे विणणाऱ्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. दोन्ही थरांच्या मधे आधारपटल नावाचा पातळ पडदा असतो आणि तो पडदा खालच्या थराला धरून ठेवण्याचं काम सातव्या प्रकारचं कोलॅजन करतं. त्याचे बारीक तंतू आधारपटलातून निघतात, अंतस्त्वचेतल्या जाड कोलॅजन धाग्यांना वळसा घालतात आणि परत येतात. गोधडीच्या टाक्यांसारखंच. टाके उसवले की वरचा पदर आतल्या थरावरून सरकतो. कातडीचा पदर सरकला की मधल्या पोकळीत पाणी भरतं आणि फोड येतो.

आरडीईबीत या कोलॅजनचं जनुक बिघडलेलं असतं. त्याचं नाव सीओएल७ए१, जागा तिसऱ्या गुणसूत्रावर. जनुक आणि आजार यांचा संबंध १९९३ मध्ये सिद्ध झाला. आई आणि वडील या दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक घराण्यांत आहे. एकच आजोबा-आजी असलेल्या जोडप्यात दोघांकडे एकच दुर्मिळ प्रत असण्याची शक्यता वाढते, तेव्हा घरात असं मूल जन्मलेलं असेल तर लग्न ठरण्याआधी किंवा पुढच्या मुलाआधी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा.

अशा मुलांना जगभर ‘फुलपाखरू मुलं’ म्हणतात. रोजचं चित्र असं: मुलाला काखेत हात घालून उचललं तरी कातडी सुटते. सलाईनची चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर कातडीही निघते. कोरडा घास गिळताना अन्ननलिकेत फोड येतात, ते भरताना नळी अरुंद होत जाते. बोटांच्या वणांवर वण चढत जाऊन बोटं एकमेकांत जुळतात आणि हात मिटलेल्या मोज्यासारखा होतो. अंघोळ आणि पट्टी बदलणं यात घरच्यांचे तासन् तास जातात. इथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट ही की यातली प्रत्येक जखम भरते ती वण ठेवूनच. वण विणणारी पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. तिशीच्या रुग्णाच्या फायब्रोब्लास्ट पेशी तीस वर्षं एक दिवसही सुट्टी न घेता जखम भरण्याच्या कामाला जुंपलेल्या असतात.

आणि सातव्या प्रकारचं कोलॅजन केराटिनोसाइटही बनवतात, फायब्रोब्लास्टही बनवतात. तेव्हा दोष फक्त वरच्या थरात नाही, दोन्ही थरांत आहे. पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली इथे आहे.

आकडे

अमेरिकेत या आजारांची राष्ट्रीय नोंदवही १९८६ पासून ठेवली गेली. २००६ पर्यंतच्या नोंदींवरून काढलेले आकडे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आरडीईबीच्या सर्वांत तीव्र प्रकारात स्क्वेमस सेल कार्सिनोमा होण्याचा एकत्रित धोका विसाव्या वर्षापर्यंत ७.५ टक्के, पस्तिसाव्यापर्यंत ६७.८ टक्के, पंचेचाळिसाव्यापर्यंत ८०.२ टक्के आणि पंचावन्नाव्यापर्यंत ९०.१ टक्के निघाला. या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका पस्तिशीपर्यंत ३८.७ टक्के आणि पंचेचाळिशीपर्यंत ७० टक्के.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं. त्वचेचा स्क्वेमस सेल कार्सिनोमा एरवी म्हातारपणी, उन्हात राबलेल्या गोऱ्या कातडीवर होतो, आणि बहुतेक वेळा कापून काढला की विषय संपतो. तोच आजार, तेच नाव, तशीच दिसणारी पेशी, आणि इथे तो तरुणांचा जीव घेतो. कशामुळे?

पहिला संशय आणि त्याची तपासणी

सरळ उत्तर असं सुचतं की या रुग्णांच्या कर्करोग पेशींत काही खास वाईट उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, असतील. आधी ऊन बाजूला काढू. आरडीईबीतला कर्करोग मुख्यतः हातापायांवर, हाडांच्या उंचवट्यांवर, म्हणजे वारंवार फाटणाऱ्या आणि पट्ट्यांखाली झाकलेल्या जागी होतो. तिथे ऊन फारसं पोचत नाही.

२०१८ मध्ये एका गटाने २७ आरडीईबी गाठींच्या जनुकांचं सविस्तर वाचन केलं. कर्करोग चालवणारी उत्परिवर्तनं उन्हाने होणाऱ्या स्क्वेमस कर्करोगात आणि तोंड-घशाच्या कर्करोगात सापडतात तीच निघाली. म्हणजे इंजिन तेच आहे. कर्करोग इतक्या लवकर का येतो आणि इतका हिंस्र का असतो, याचं उत्तर या यादीत नाही असं त्या गटाने स्वच्छ लिहिलं. फरक दिसला तो उत्परिवर्तनं घडण्याच्या पद्धतीत. एपोबेक नावाची विकरं (एन्झाइम) विषाणूंशी लढण्यासाठी पेशीत असतात. या रुग्णांच्या पेशींत ती स्वतःच्याच डीएनएवर घाव घालताना दिसली, आणि एपोबेक व वयाबरोबर आपोआप होणाऱ्या प्रक्रिया मिळून कर्करोग चालवणारी ६७ टक्के उत्परिवर्तनं तयार झाली होती. सततची इजा आणि सततचा दाह यांतून पेशी आतूनच बिघडत जाते, ऊन लागत नाही.

ठिणगी लवकर का पडते ते यातून कळतं. पण ती इतक्या वेगाने का पसरते, हे कळत नाही. त्यासाठी खालच्या थरात उतरायला हवं.

वणाचा जुना इतिहास

जुन्या वणात कर्करोग उगवतो हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पॅरिसचे शल्यविशारद मार्जोलँ यांनी १८२८ मध्ये जुन्या वणांवर उठणाऱ्या अशा व्रणांचं वर्णन केलं आणि आजही भाजल्याच्या वणातल्या कर्करोगाला त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्याबरोबर १९४५ मध्ये चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला, त्यात कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचाने होणारा कर्करोग होता. पुढे साडीच्या काचाच्या जागी झालेले कर्करोगही मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. काश्मीरमध्ये फेरन या सैल अंगरख्याच्या आत धरलेल्या कांगडीने, म्हणजे निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीने, मांडीवर आणि पोटावर होणारा कर्करोग तर एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेला आहे. त्यात उष्णतेचा वाटा आहेच. पण काच, भाजणं, फाटणं यांतलं काहीही असो, जागा तीच राहते, इजा पुन्हा पुन्हा होते, खालची ऊती वणाची होते आणि मग वर कर्करोग उठतो.

हार्वर्डचे हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये लिहिलं की गाठ म्हणजे न भरणारी जखम. गाठ स्वतःसाठी जो आधार उभा करते तो जखम भरताना शरीर उभा करतं तसाच असतो, हा त्यांचा मुद्दा. त्याच सुमारास मीना बिसेल यांच्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या पिल्लांवर एक प्रयोग झाला, तो मला फार बोलका वाटतो. पिल्लाच्या एका पंखात राऊस सार्कोमा विषाणू टोचला की तिथे गाठ येते. विषाणू रक्तातून सगळीकडे फिरतो, तरी दुसऱ्या पंखात गाठ येत नाही. पण त्या दुसऱ्या पंखाला जखम केली की जखमेच्या जागी गाठ उगवते. १९९० मध्ये पुढचा धागा सापडला: जखमेऐवजी नुसतं टीजीएफ-बीटा हे प्रथिन टोचलं तरी तेच होतं. हे प्रथिन म्हणजे फायब्रोब्लास्टला वण विणायला लावणारा हुकूम. त्याचं नाव लक्षात असू द्या.

डंडीतला प्रयोग

या प्रकरणाचा गाभा अँड्र्यू साउथ यांच्या गटाचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम आहे. ते स्कॉटलंडमधल्या डंडी इथे झालं. त्यांनी वरच्या पेशी बाजूला ठेवल्या आणि फायब्रोब्लास्ट गोळा केल्या. आरडीईबीच्या रुग्णांच्या कर्करोग नसलेल्या कातडीतल्या, आरडीईबीच्या गाठींतल्या, आणि आजार नसलेल्या लोकांच्या कातडीतल्या व गाठींतल्या. प्रत्येकीत कोणती जनुकं किती बोलतात हे तपासलं.

पहिला निष्कर्ष वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. आरडीईबीच्या रुग्णाच्या *कर्करोग नसलेल्या* कातडीतली फायब्रोब्लास्ट इतर लोकांच्या *गाठीतल्या* फायब्रोब्लास्टसारखी वागत होती. कर्करोग यायच्या आधीच खालची जमीन कर्करोगाची झालेली होती. आणि आरडीईबीच्या गाठीतल्या फायब्रोब्लास्ट त्याच्याही पुढे गेलेल्या होत्या. त्यांचं वेगळंच रूप होतं आणि बदललेल्या जनुकांतली मोठी संख्या पेशींभोवतीच्या जाळीची व पेशींच्या चिकटण्याची होती. या पेशींबरोबर वाढवल्या तर कर्करोगाच्याच नव्हे, कर्करोग नसलेल्या केराटिनोसाइटही जास्त चिकटत होत्या आणि खाली घुसत होत्या.

मग त्यांनी उलटसुलट तपासलं. निरोगी फायब्रोब्लास्टमधलं सीओएल७ए१ कमी केलं, तर तिने तीन प्रथिनं जास्त बनवायला सुरुवात केली: बाराव्या प्रकारचं कोलॅजन, थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ आणि डब्ल्यूएनटी-५ए. आरडीईबीच्या फायब्रोब्लास्टमध्ये निरोगी जनुक परत घातलं, तर ही तिन्ही प्रथिनं कमी झाली, प्रयोगशाळेतल्या कृत्रिम कातडीत कर्करोग पेशींची घुसखोरी कमी झाली आणि उंदरांमध्ये गाठीची वाढ आवरली गेली.

कर्करोगाच्या पेशीला हातही न लावता, तिच्या शेजारणीचं एक जनुक दुरुस्त करून तिची चाल मंदावली, हे साधं नाही. सातव्या प्रकारचं कोलॅजन नुसते टाके नाही. फायब्रोब्लास्ट आपल्या आजूबाजूला काय विणेल यावर त्याचा अंकुश असतो. ते नसलं की विणकर वेगळंच वस्त्र विणायला लागतो.

फायब्रोब्लास्ट कर्करोग पेशीला नेमकी वाट कशी करून देते, याचं उत्तर दुसऱ्या एका गटाने २००७ मध्ये दिलं होतं. लंडनमधल्या एरिक सहाय यांच्या प्रयोगशाळेत त्वचेच्या स्क्वेमस कर्करोग पेशी आणि फायब्रोब्लास्ट एकत्र वाढवल्या. पुढे नेहमी फायब्रोब्लास्ट असायची. ती जाळी ताणत, तिचे धागे कापत बोगदा पाडायची आणि कर्करोग पेशींचा घोळका त्या बोगद्यातून मागोमाग जायचा. फायब्रोब्लास्टने वाट पाडून ठेवली असेल तर पुरे, कर्करोग पेशी स्वतःच्या बळावर वाट काढायच्या नाहीत. दाट झाडीत कोयत्याने पायवाट काढणारा पुढे आणि बाकीचे मागे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

कडक झालेली कातडी

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गटाने याला आणखी एक पदर जोडला. आरडीईबी असलेल्या कुणाचा हात हातात घेतला की कातडी ताठ लागते. त्यांनी सातवं कोलॅजन फार कमी असलेले उंदीर वापरले आणि २०१६ मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजेने टीजीएफ-बीटा वाढतं, अंतस्त्वचा कडक होते आणि त्या कडकपणामुळे कर्करोग वेगाने पुढे सरकतो. पेशीला आपण कशावर उभ्या आहोत हे कळतं. आधारपटलाला धरणारे तिचे इंटेग्रिन नावाचे हात खालचा ताण मोजतात आणि जमीन कडक असेल तर पेशीच्या आत वाढा, हला असा निरोप जातो. टीजीएफ-बीटाचा निरोप अडवला किंवा धाग्यांमधले जोड कमी केले तर आक्रमकपणा उतरतो, असं या कामातून दिसलं.

जुळी भावंडं

या सगळ्यावर एक आक्षेप घेता येतो. उंदीर उंदीरच. माणसांमध्ये दोन रुग्णांची तुलना केली तर त्यांची जनुकं, खाणंपिणं, उपचार सगळंच वेगळं असतं, मग फरक फायब्रोब्लास्टमुळे आहे असं कसं म्हणायचं?

२०१४ मध्ये रोममधल्या संशोधकांनी अशा एका जोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला की ज्यात ही अडचण बरीचशी आपोआप सुटते. एकाच बीजांडापासून जन्मलेली जुळी भावंडं, दोघांना आरडीईबी, एकच जनुकीय बिघाड. दोघांच्या कातडीत सातव्या प्रकारच्या कोलॅजनचं प्रमाणही जवळजवळ सारखं. तरी एकाचा आजार सौम्य आणि दुसऱ्याचा तीव्र, आणि फरक उघड दिसणारा.

दोघांच्या फायब्रोब्लास्ट वेगळ्या वाढवून पाहिल्या. सौम्य आजार असलेल्या भावंडाच्या पेशी डेकोरिन जास्त बनवत होत्या. डेकोरिन हे अंतस्त्वचेतलं प्रथिन टीजीएफ-बीटाला लगाम घालतं. तीव्र आजार असलेल्याच्या पेशी मात्र वण विणण्याच्या पवित्र्यात होत्या. त्यांच्यात स्नायूंसारखं आकुंचन घडवणारं अ‍ॅक्टिन जास्त, पहिल्या प्रकारचं कोलॅजन जास्त, आणि दाह वाढवणारं इंटरल्यूकिन-६ जास्त होतं. कोलॅजनच्या जेलमध्ये सोडल्या की त्या जेल आवळून टाकत. टीजीएफ-बीटाचे आतले मार्ग आधीपासूनच पेटलेले. या पेशींना डेकोरिन दिलं की त्या शांत झाल्या.

या अभ्यासाने कर्करोग मोजला नाही, तीव्रता मोजली, हे विसरू नये. तरी या प्रकरणात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकच जनुक, एकच बिघाड, सारखंच कोलॅजन, आणि दोन वेगळी आयुष्यं. तो फरक फायब्रोब्लास्टच्या स्वभावात दिसला. ज्या दाहात आणि वणात कर्करोग रुजतो, तोच दाह आणि तोच वण एका भावंडाकडे जास्त होता.

एक वाद, जो उपचारांपर्यंत जातो

२००५ मध्ये स्टॅनफर्डच्या पॉल खवारी यांच्या प्रयोगशाळेतून उलट दिशेचा निष्कर्ष आला होता. त्यांनी आरडीईबीच्या केराटिनोसाइटमध्ये रास हे कर्करोगजनक जनुक घालून त्यांना उंदरांत वाढवलं. ज्या रुग्णांच्या पेशींत सातव्या कोलॅजनचा अंशही नव्हता त्यांच्यापासून गाठी झाल्या नाहीत. ज्यांच्यात त्याच्या सुरुवातीचा एनसी१ नावाचा तुकडा शिल्लक होता त्यांच्यापासून झाल्या. म्हणजे कर्करोगाला या कोलॅजनचा तुकडा हवा असतो. मग रुग्णाला हे प्रथिन परत देणं म्हणजे कर्करोगाला खाद्य देणं तर नव्हे?

ही भीती खरी होती आणि उपचार शोधणाऱ्यांनी ती गंभीरपणे घेतली. पुढे दोन गोष्टींनी ती बरीच निवळली. एनसी१ तुकडा नसलेल्या रुग्णांनाही कर्करोग झाल्याचं दिसलं. आणि २००९ मध्ये दिसलं की स्क्वेमस कर्करोग पेशींतून सातवं कोलॅजन काढून टाकलं तर त्यांची घुसखोरी वाढते. माझ्या मते हा वाद पूर्ण सुटतो तो डंडीच्या प्रयोगाकडे परत गेल्यावर. प्रथिन कोणत्या पेशीत आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. खवारी यांच्या प्रयोगात प्रश्न वरच्या पेशीचा होता. खालच्या पेशीत ते परत आलं की गाठ आवरते.

फायब्रोब्लास्टला या कथेतला खलनायक करायचा मोह होतो, तो टाळावा. स्वादुपिंडाच्या कर्करोगात उंदरांच्या गाठींतल्या अशाच पेशी काढून टाकल्या, तेव्हा गाठी आणखी हिंस्र झाल्या, हे २०१४ मध्ये दिसलं. आणि त्वचेतलं एक उदाहरण त्याहून चपखल आहे. पाओलो डोटो यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांच्या फक्त अंतस्त्वचेतल्या पेशींमधला नॉच-सीएसएल हा संदेशमार्ग बंद केला. वरच्या पेशींच्या जनुकांना हात लावला नाही. अंतस्त्वचा पातळ झाली, दाह सुरू झाला आणि मग वर अनेक ठिकाणी एकाच वेळी गाठी उगवल्या. निरोगी फायब्रोब्लास्ट रोज वरच्या पेशींना सरळ वाटेवर ठेवत असते. ती बिघडली की तो धाक जातो. आरडीईबीत नेमकं हेच बिघडलेलं आहे, फक्त कारण वेगळं.

उपचारांत याचा अर्थ

लोसार्टन हे रक्तदाबाचं साधं औषध. ते अँजिओटेन्सिन अडवतं आणि त्या वाटेने टीजीएफ-बीटाही कमी करतं. फ्रायबुर्गच्या गटाने २०१५ मध्ये आरडीईबीच्या उंदरांना ते दिलं, तेव्हा वणामुळे बोटं जुळण्याची क्रिया मंदावली आणि दाह उतरला. त्यानंतर मुलांवर चाचणी झाली. तिचा मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता आणि औषध मुलांना सोसलं. लोसार्टन कर्करोग टाळतं असं आज कुणी म्हणू शकत नाही. तितकी वर्षं रुग्णांचा पाठपुरावा व्हायचा आहे. पण गाठीच्या पेशीवर नव्हे, तिच्या शेजारावर उपचार करण्याचा हा प्रयत्न आहे. आणि लोसार्टन आपल्याकडेही औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांपैकी आहे. त्यामुळेच सांगायला हवं की या आजाराच्या मुलाला ती गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. कुपोषण, रक्तक्षय आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी या मुलांत असतात, आणि रक्तदाब उतरवणारं औषध तिथे जपूनच द्यावं लागतं.

दुसरी दिशा जनुक परत देण्याची. बेरेमाजीन जेपरपावेक हे जखमेवर आठवड्यातून एकदा थेंबाथेंबाने लावायचं जेल. त्यात वाढण्याची शक्ती काढून घेतलेला हर्पिसचा विषाणू निरोगी सीओएल७ए१ घेऊन जातो. ३१ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी या जेलच्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या, जनुक नसलेल्या नुसत्या जेलच्या २२ टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. हे जेल केराटिनोसाइट आणि फायब्रोब्लास्ट दोन्हींपर्यंत पोचतं. डंडीचा निष्कर्ष बरोबर असेल तर या दुसऱ्या पेशीपर्यंत पोचणं हा केवळ फायदा नाही, मुख्य गोष्ट आहे. खर्च मात्र इतका अफाट आहे की भारतातल्या बहुतेक घरांना आज तो विचार करण्यापलीकडचा.

गाठ झाल्यावर रुंद कड ठेवून कापणं हाच पहिला उपाय राहतो, आणि पुष्कळदा हात किंवा पाय गमावण्यापर्यंत वेळ येते. पसरलेल्या त्वचेच्या स्क्वेमस कर्करोगासाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं सेमिप्लिमॅब हे प्रतिकारशक्ती मोकळी करणारं औषध आरडीईबीच्या काही रुग्णांना दिलं गेलं आहे आणि काहींना त्याचा उपयोगही झाला.

घरी आणि दवाखान्यात

वर जे सांगितलं त्यातून रोजच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. जखम जितके दिवस उघडी राहते तितके दिवस खालच्या फायब्रोब्लास्ट टीजीएफ-बीटाच्या हुकुमाखाली असतात. म्हणून पट्टी करणारी आई नुसती वेदना कमी करत नसते, ती गाठीची जमीन बदलत असते. पट्टीला न चिकटणारा थर हवा. सिलिकॉनची ड्रेसिंग परवडत नसेल तर पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी, वर मऊ कापूस आणि सैल बँडेज. चिकटपट्टी कधीच नाही. रक्त काढताना किंवा सलाईन लावतानाही नाही, हे नव्या नर्सला दर वेळी सांगावं लागतं. फोड दिसला की निर्जंतुक सुईने खालच्या बाजूने टोचून पाणी काढावं, छप्पर तसंच राहू द्यावं, नाहीतर तो दाबाने पसरत जातो.

तीव्र आरडीईबी असलेल्या मुलाची वयाच्या दहाव्या वर्षापासून दर तीन ते सहा महिन्यांनी सगळ्या पट्ट्या काढून पूर्ण कातडी तपासावी, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हे काम वेदनेचं आणि वेळखाऊ आहे, त्यामुळे ते टाळलं जातं. पट्टी बदलण्याच्या दिवशीच तपासणी ठेवली तर मुलाला दोनदा त्रास होत नाही. मोबाइलवर दर महिन्याला त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून जखमांचे फोटो काढून ठेवले तर डॉक्टरांना कड जाड होतेय का हे लगेच कळतं. महिनाभरात न भरलेली, झपाट्याने वाढणारी, नेहमीपेक्षा वेगळी दुखणारी किंवा कडेला खपलीचा उंच थर धरणारी जखम असेल तर तुकडा घ्यायला उशीर करू नये. मोठ्या जखमेतून एकाहून अधिक ठिकाणचे तुकडे घ्यावेत, कारण अशा जखमेत एका कडेला नुसता दाह आणि दुसऱ्या कडेला कर्करोग असू शकतो. आणि अहवालात ‘वेल डिफरन्शिएटेड’ लिहिलेलं असलं तरी लसिकाग्रंथी तपासायच्या, शस्त्रक्रियेची तारीख लवकरातली लवकर घ्यायची.